गाणंबाईंचा अपमान

गाणंबाई दूध घेऊन परतल्या, तेव्हा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या गॅलरीत पाटी लटकत होती: ‘वरती मांजर अडकलेलं नाही. गाण्याचा क्लास चालू आहे.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारपर्यंत त्यांनी पुठ्ठ्यावर सडेतोड उत्तर रंगवलं. पण रंग वाळायच्या आत नगर कार्यालयाचा माणूस येऊन मास्तरांची पाटी काढून घेऊन गेला. वर अपमानकारक मजकुराबद्दल दंड. तोही असा की महिन्याचं पेन्शन त्यात गडप व्हावं.

“तुमचीही लावू नका हं,” पुठ्ठा बघून तो बाईंना म्हणाला, “नाहीतर तुम्हालाही दंड.”

बाई तडक कार्यालयात.

“अहो, आम्ही तुमच्याच बाजूचे!” साहेब म्हणाले. “तुमच्या भावना दुखावल्या ना?”

“चांगल्याच दुखावल्या. पण त्या माझ्या भावना आहेत, सरकारी मालमत्ता नाही. दंड मागे घ्या.”

“शब्द वाईट आहेत, बाई.”

“आहेतच! म्हणून तर मला उट्टं काढायचंय. तुम्ही त्यांचं तोंड दाबलंत, तर मी भांडू कुणाशी? आणि आज मास्तरांना मला मांजर म्हणता येत नसेल, तर उद्या मला तुम्हाला काही म्हणता येईल का?”

“मला काय म्हणणार आहात तुम्ही?”

“अजून ठरवलं नाही. पण सोय असावी.”

रांगेतली माणसं फिस्सकन हसली. साहेब विचारात पडले. लेखी निकाल मिळेपर्यंत हलणार नाही, असं सांगून बाई बाकावर बसल्या आणि वेळ जावा म्हणून गुणगुणू लागल्या. मग मात्र निकाल भराभर टाइप झाला: नुसतं टोचून बोलणं हा गुन्हा नाही, दंड रद्द.

संध्याकाळी बाईंची पाटी झळकली: ‘खालच्या मास्तरांना दोन कान आहेत. मधे काय आहे, त्याचा शोध चालू आहे.’

गल्ली पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी मास्तर तरातरा कार्यालयात गेले. “या बाईंना दंड करा!”

साहेबांनी निकालाची प्रत पुढे सरकवली. “मास्तर, हा तुमच्याच बाबतीतला निकाल. बाईंनी भांडून मिळवलाय.”

मास्तरांनी तो दोनदा वाचला. घरी आले, जिना चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंची बेल दाबली.

“दंड वाचवलात, आभारी आहे,” ते अवघडून म्हणाले. “तेवढा क्लास सहाऐवजी सातला सुरू कराल का? पहाटे कुठे जरा डोळा लागतो माझा.”

“अहो, मग हे तोंडानं सांगायला इतकी वर्षं लागली?”

“तुम्ही गाणं थांबवाल, तर माणूस बोलेल ना!”

बाईंच्या जिभेवर झणझणीत उत्तर तयार होतं. बोलायला आता बंदीही नव्हती. तरी बाई खुदकन हसल्या, बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आत या, चहा टाकते.”