आत्याचा उजवा खांदा

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा घरातले सगळे हरखले, फक्त ठकीला आपण अर्जात काय लिहिलंय ते आठवलं. फिजिओथेरपीच्या कॉलेजच्या अर्जात 'रुग्णसेवेचा अनुभव' असा एक रकाना होता. तो कोरा ठेवणं जिवावर आलं म्हणून तिने ठोकून दिलं होतं : 'माझ्या आत्याचा उजवा खांदा आखडला असता मी तीन महिने रोज तिच्याकडून व्यायाम करून घेतला.'

आत्या खरी होती. खांदाही खरोखरच आखडलेला होता. तिच्या शिवणयंत्रावर सहा महिने चादर पडलेली होती. पण ठकी तिच्याकडे गेली होती मोजून दोनदा, आणि दोन्ही वेळा मोबाइलमध्ये तोंड खुपसून "हं, आता वर घे" एवढंच म्हणाली होती.

मुलाखतीला चार दिवस होते. चार दिवसांत तीन महिने भरून काढायचे, या हिशेबाने ठकी एक जाडजूड पुस्तक काखेत मारून आत्याच्या दारात उभी राहिली.

"अगंबाई! वाट चुकलीस वाटतं?"

"तसं नाही गं. तुझी आठवण आली."

"माझी, की खांद्याची?"

ठकी चपापली. पण आत्या हसतहसत खुर्चीत बसलीसुद्धा. ठकीने पुस्तक उघडून समोर ठेवलं, आत्याचा हात धरला आणि चित्रातल्यासारखा वर न्यायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

"पुरे गं."

"दहापर्यंत न्यायचाय. चार... पाच..."

"अगं पुरे म्हणते ना!"

"सहा... सात..."

आठाला 'कट्ट' असा आवाज आला. ठकीने हात सोडला. आत्याचा हात मात्र कानाला चिकटून तसाच वर राहिला. तो खाली येईना.

"आता गं?" आत्या कण्हत म्हणाली.

आता दवाखाना. रस्त्यावर आल्याबरोबर एक टॅक्सी थांबली. हात वर, म्हणजे गिऱ्हाईक! पण दाराची उंची कमी आणि आत्याची उंची हाताएवढी वाढलेली. वाकली की कळ यायची. टॅक्सीवाला बडबडत निघून गेला तोच दुसरी थांबली, तिच्या मागे तिसरी. शेवटी दोघी चालतच निघाल्या. समोरच्या फुटपाथवरून आत्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने उलट हात हलवला आणि बिचारा रस्ता ओलांडून विचारायला आला, "काय बाई, हाक मारलीत?"

"नाही हो, सहज," आत्या म्हणाली.

ठकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दवाखान्यातल्या बाईंनी खांदा शेकला, बोटांनी हळूहळू सैल केला आणि अर्ध्या तासाने हात खाली आणला. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच. माळ्यावरचा डबा काढत होते," आत्या पटकन म्हणाली.

"डबा काढताना हात असा पिळला जात नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ठकीकडे पाहिलं. ठकीने भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं. तोसुद्धा दात काढत होता.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या सरांनी चष्मा सारखा केला. "तुमच्या आत्यांबद्दल सांगा."

पाठ केलेलं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण डोळ्यांपुढे तो कानाला चिकटलेला हात आला आणि ठकीच्या तोंडून भलतंच निघालं. "सर, मी खोटं लिहिलं. मी दोनदाच गेले होते. चार दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा गेले आणि तिचा हात अडकवून ठेवला."

"का अडकला?"

"ती पुरे म्हणत होती आणि मी आकडे मोजत होते."

सरांनी फाइलमधून एक कागद काढला. "मग हे काय आहे? आम्ही प्रत्येक उमेदवाराच्या रुग्णाकडून पत्र मागवतो. हे दहा दिवसांपूर्वी आलं."

कागदावर मुंग्या चालून गेल्यासारखं अक्षर होतं. 'माझ्या भाचीने तीन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. अशी पोर घरोघरी असावी. अक्षराला हसू नये. डाव्या हाताने लिहिते आहे, कारण उजवा अजून टेबलापर्यंत जात नाही.'

"तीन महिने रोज व्यायाम, आणि हात टेबलापर्यंत जात नाही," सर म्हणाले. "म्हटलं, ही भाची बघायलाच हवी."

ठकी मान खाली घालून बाहेर पडली ती थेट आत्याकडे गेली.

"खरं सांगून टाकलंस?" आत्या कडाडली. "म्हणजे तू हरिश्चंद्र आणि मी खोटारडी! दोन दुपारी घालवल्या मी त्या पत्रावर!"

"म्हणजे तुला सगळं आधीच माहीत होतं?"

"नाहीतर काय. म्हटलं, निदान आता तरी येईल. रोज दाराकडे बघत होते."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ठकीने खुर्ची ओढली, आत्याचा हात मांडीवर घेतला आणि विचारलं, "कुठे दुखतं?"

पंधरा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, पण एका अटीवर : तीन महिन्यांनी आत्याबाईंचं नवं पत्र हवं, उजव्या हाताने लिहिलेलं.

आत्याने ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून ठकीकडे बघत म्हणाली, "या खेपेला मात्र मी खरं खरं लिहिणार हं."