फाट्यावरचे दगडूनाना

आमच्या फाट्यावरचे दगडूनाना एकाच प्रश्नाची दोन उत्तरं द्यायचे. तीही पाठोपाठ, नि दोन्ही खरी.

निफाडकडून सिन्नरला जायला तिथं दोन वाटा फुटतात. सायखेड्याच्या पुलावरून जवळची, नाशिकरोडवरून लांबची. पण उसाच्या हंगामात बैलगाड्यांनी पूल तुंबला, की जवळचीच वाट लांब व्हायची. नानांचं पंक्चरचं दुकान होतं. पुलाकडून येणारा ड्रायव्हर खिडकीतून त्यांना अंगठा दाखवायचा, म्हणजे मोकळं. पंजा दाखवला, म्हणजे तुंबलं. जाणारा जो तो नानांना विचारूनच गाडी वळवायचा.

मी सोडून. मी काळीपिवळी जीप चालवायचो. चौथीत शाळा सुटली, पण रस्ता कधी कुणाला विचारला नाही.

एकदा माझ्यासमोर नाना द्राक्षांच्या टेम्पोला म्हणाले, "पुलावरून जा." लगेच मागच्याला म्हणाले, "नाशिकरोडनं जा."

मी भडकलो. "नाना, लोकांना येडं बनवता काय?"

"त्याचं येगळं, याचं येगळं," नाना म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. "आरं, मोकळा हाय म्हणून सगळेच धाडले, तर मोकळा राहील का? निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मंग दोघंबी टायमात पोचतील."

हवा भरता भरता हा माणूस दोन रस्ते तोलत होता!

पुढच्या हंगामात माझी लेक बाळंतपणाला आली. कळा सुरू झाल्या. तिला जीपमध्ये घालून सिन्नरच्या दवाखान्याकडं निघालो. फाट्यावर ही गर्दी! नानांनी जीपमध्ये डोकावलं.

"पुलावरून. सूट!"

आरशात पाहिलं, तर नाना पाना उगारून रस्त्यात उभे. "पूल बंद! पूल बंद!" मागची एकूणएक गाडी नाशिकरोडकडं लोटत होते.

पूल मोकळा मिळाला. नात झाली.

तिकडं नाशिकरोडला मात्र गाड्यांना गाड्या भिडल्या. म्हातारा खोटं बोलला, म्हणत ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या. नानांनी कुणाला कारण सांगितलं नाही. मी सांगितलं, तर लोक हसले, कुणाला पटेना. विचारायला कुणी थांबेना. घरी नानांना कुणी नव्हतं. हे विचारणारेच त्यांचा गोतावळा.

पेढे घेऊन गेलो, तर एवढंच म्हणाले, "मोकळा होता ना?"

तिथून पुढं जीप विकेपर्यंत मी रोज थांबलो. "नाना, कुणीकडून जाऊ?"

मागं विचारायला थांबलेली एकही गाडी नसायची. तरी नाना उठायचे, दोन्ही वाटा डोळे बारीक करून निरखायचे, नि मगच सांगायचे.