टेकू प्लसची यशस्वी वाटचाल

कोणतीही वस्तू दोनदा तयार होते. एकदा कारखान्यात आणि एकदा बॉक्सवर. पहिल्या वेळी ती हातांनी बनते, दुसऱ्या वेळी विशेषणांनी. या दोन वस्तूंमध्ये फरक आढळल्यास बॉक्सवरची वस्तू खरी मानावी, असा व्यापाराचा नियम आहे. तो का आहे, हे एका छोट्या कारखान्याच्या उदाहरणावरून सावकाश समजून घेऊ. घाई नाही.

हा कारखाना बावीस वर्षं प्लास्टिकच्या बादल्यांच्या कड्या बनवत होता. एक मशीन, अकरा कामगार, मागे जिन्याखाली खराब मालाचा ढीग. मग बादल्या बनवणाऱ्यांनी कड्याही स्वतःच बनवायला सुरुवात केली आणि इथले अकरा जण रोज वेळेवर येऊन नुसते बसू लागले. कारखानदार सरळ माणूस. त्याने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की तीन महिन्यांत नव्या मालाची मागणी उभी राहिली नाही तर कुलूप लावावं लागेल. अकरा जणांनी मान हलवली. त्यांतला साचेवाला तेव्हाच मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरत होता. त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

त्या खिशातल्या कागदासाठी टेकूचा जन्म झाला. कारखानदार आणि साचेवाला यांनी महिनाभर खपून बोटाएवढा एक टेकू बनवला. मिटला की खिशात मावायचा, उघडला की फोन टेबलावर ताठ उभा धरायचा. मान तिन्ही बाजूंना वळायची. पोळ्या लाटताना, गणितं सोडवताना, दाढी करताना फोन पडायचा नाही. वस्तू उत्तम होती. (हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे या गोष्टीचा फारसा संबंध येत नाही.)

विक्रीची जबाबदारी मेहुण्याकडे आली. त्याने तीन आठवड्यांचा मार्केटिंगचा कोर्स केला होता आणि त्यातले दोन आठवडे तो हजरही होता. त्याने पहिल्याच बैठकीत एक मूलभूत सत्य मांडलं. वस्तू वापरणारा माणूस हा ग्राहक नव्हे. ग्राहक म्हणजे दुकानदार. दुकानदार नवी वस्तू सरासरी चार सेकंद पाहतो आणि त्यातली तीन सेकंदं मागे आलेल्या माणसाला 'बोला' म्हणण्यात जातात. उरलेल्या एका सेकंदात टेकूची मान तिन्ही बाजूंना वळवून दाखवणं शक्य नाही. म्हणून बॉक्स.

बॉक्स टेकूच्या अकरा पट मोठा झाला. टेकूचं नाव 'टेकू प्लस' झालं. साधा टेकू कुठे आहे असं कुणी विचारलं तर संपला म्हणून सांगायचं ठरलं. बॉक्सवर चौदा वैशिष्ट्यं छापली: वजनाला हलका, वीज लागत नाही, वास येत नाही, बाराही महिने चालतो, डावखुऱ्यांनाही चालतो, वगैरे. मान वळते हे लिहायला जागा उरली नाही.

दुकानदारांसाठी योजना होती. बारा बॉक्सवर एक मोफत, बारा डझनांवर भिंतीवरचं घड्याळ. पहिल्याच दुकानात मालकाने विचारलं की नुसतं घड्याळ मिळेल का. मेहुण्याने याची 'उत्साहवर्धक प्रतिसाद' अशी नोंद केली.

आता पुनर्विक्रेता ही संज्ञा समजून घेऊ. पुनर्विक्रेता म्हणजे जो वस्तू ठेवत नाही, पाहत नाही, पण तिचा फोटो ओळखीच्या दोनशे जणांना पाठवतो आणि खाली लिहितो, 'शेवटचे काही नग.' मेहुण्याने असे तीनशे चाळीस जण नेमले. पाहणीअंती असं आढळलं की एका गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकतीस घरांत टेकू प्लसचे पुनर्विक्रेते आहेत. उरलेल्या नऊ घरांना कुलूप होतं.

इथे कारखान्याची एक जुनी पद्धत सांगायला हवी. बावीस वर्षं त्या कारखान्यात हिरव्या ठिपक्याचा अर्थ एकच होता: तपासलं, चांगलं आहे, पाठवा. ठिपका नसेल तर माल जिन्याखाली, वितळवायला. मेहुण्याला हे माहीत नव्हतं. त्याने दुकानांच्या काचेत मनोरे रचण्यासाठी चोवीसशे रिकामे बॉक्स बनवून घेतले होते. ते भरलेल्यांत मिसळू नयेत म्हणून त्याने प्रत्येकाच्या तळाला एक ठिपका चिकटवला. त्याच्याकडे हिरवेच होते.

टेम्पोवाले काका सकाळी आले, तळ पाहिले आणि नियमाप्रमाणे चोवीसशे रिकामे बॉक्स घेऊन गेले. भरलेल्यांना ठिपके अजून लागायचे होते; ते चोवीसशे नियमाप्रमाणेच जिन्याखाली गेले. कुणाचीही काहीही चूक झाली नाही. शिस्तीचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात द्यायला सापडलं नसतं.

पाचव्या दिवशी साचेवाला जिन्याखालचा माल वितळवायला घेत असताना कारखानदाराच्या ताईने, म्हणजे पॅकिंग पाहणाऱ्या थोरल्या बहिणीने, एक बॉक्स उघडला. मग ती तशीच पायरीवर बसली. दुपारपर्यंत सगळे फोनभोवती बसले होते.

फोन आला. दुकानदाराला आणखी वीस डझन हवे होते.

पाच आठवड्यांत चोवीसशेच्या चोवीसशे बॉक्स खपले. तक्रारी एकूण एकोणीस आल्या. घड्याळ मिळालं नाही, अकरा. बॉक्सचा कोपरा चेपला, पाच. रंग फोटोत वेगळा दिसतो, दोन. एक जण गॅस सिलिंडरसाठी फोन करत होता. आत काही नाही, अशी तक्रार शून्य. उलट अभिप्राय भरभरून होते. 'अपेक्षेपेक्षा हलका.' 'घरातल्या सगळ्यांना आवडला.' 'तीन आठवडे वापरतोय, अजून काही मोडलं नाही.'

कारण सोपं आहे. दुकानदार बॉक्स उघडत नाही, कारण उघडला की तो जुना होतो. पुनर्विक्रेत्याकडे तो येतच नाही. आणि विकत घेणारा तो दुसऱ्याला द्यायला घेतो. दुसरा तिसऱ्यासाठी ठेवतो. मेहुण्याच्या अंदाजाप्रमाणे एक बॉक्स वर्षात सात घरं फिरतो आणि प्रत्येक घरात 'कशाला उगाच आणलंत' हे वाक्य ऐकतो.

ताईला हे मान्य नव्हतं. तिने पुढचा माल स्वतः उभं राहून भरला. प्रत्येक बॉक्समध्ये एक टेकू, वर हिरवा ठिपका. आठवड्यात निम्मा माल परत आला. आत काहीतरी खुळखुळतं, असं एकाने कळवलं. दुसऱ्याने लिहिलं की दर्जा घसरला, वजन वाढलं. सगळ्यात मोठ्या दुकानदाराने महिन्याला पाच हजार नग कायमचे घ्यायची तयारी दाखवली, पण माल पहिल्यासारखाच हवा, ही अट घातली. तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी ऑफिसात तिघंच होती. बाहेर अकरा जण सायकलींना कुलपं लावून, काढून, परत लावून थांबले होते.

"दाजी, लोकांना जे हवंय ते आपण देतोय," मेहुणा म्हणाला. "यात फसवणूक कुठे आली?"

"रिकामा डबा विकायचा आणि वर तोंड करून बोलायचं," ताई म्हणाली. "मी नाही पॅक करणार."

"ताई, तू नाही केलंस तर त्या अकरांना मी काय सांगू?" कारखानदाराने विचारलं. "तूच सांग. तू बाहेर जा आणि सांग."

ताई उठली, खिडकीशी गेली. साचेवाला खिशातला कागद काढून पाहत होता. परत येऊन तिने टेबलावरचा बॉक्स उलटसुलट केला.

"एका अटीवर करीन," ती म्हणाली. "त्यावर खरं छापायचं. पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. ते वाचूनही कुणी घेतला तर घेऊ दे."

मेहुण्याने डोक्याला हात लावला. पण दुसरा उपाय नव्हता. वैशिष्ट्यं चौदाची पंधरा झाली आणि पंधरावं सगळ्यांत वर, इतरांच्या दुप्पट अक्षरांत छापलं गेलं: 'या बॉक्समध्ये काही नाही.'

मोठ्या दुकानदाराने नवा बॉक्स एक सेकंद पाहिला आणि डिझाइन सुधारल्याबद्दल अभिनंदन केलं. पुनर्विक्रेत्यांनी फोटो पुढे पाठवला, खाली लिहिलं, 'आता नव्या वैशिष्ट्यासह.' पाच हजारांचे सात हजार झाले. कारखाना बंद पडला नाही. अकरा जण अजून अकराच आहेत, फक्त आता ते पुठ्ठा कापतात. साचेवाल्याची मुलगी कॉलेजात जाते. वडील काय बनवतात असं तिला तिथे विचारतात तेव्हा ती मोबाइल अ‍ॅक्सेसरीज सांगते आणि सगळे मान डोलावतात. ज्यांना खरा टेकू हवा असेल त्यांना ताई तो कारखान्याच्या दारात कागदात गुंडाळून देते. आजवर चौदा गेले. अकरा कोणी घेतले हे सांगायला नको.

उरलेल्या तिनांतला एक एका मुलीकडे आहे. ती नुकतीच दुसरीत गेली होती. नुकतं वाचायला येऊ लागलेलं मूल दिसेल ते वाचतं: दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, भिंतीवरच्या सूचना. मोठं झालं की ही सवय सुटते. तिच्या काकांना बढती मिळाली म्हणून घरात माणसं जमली होती आणि कुणीतरी टेकू प्लस दिला होता. देणारे समोर बसलेले असताना तिने शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "या. बॉक्स. मध्ये. काही. नाही."

मग आईने तिला आत नेलं आणि समजावलं की पाहुण्यांसमोर काहीही वाचायचं नसतं. मुलीने विचारलं, पण तसं लिहिलंय ना. आई म्हणाली की लिहिलेलं असतं, म्हणून काय वाचायचं असतं का. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने बॉक्सवरच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं: 'तुमचं बरोबर आहे, मी उघडून पाहिलं.' ताईने ते पत्र ऑफिसात लावलं आणि तिला एक टेकू पाठवला. तो ती वापरते. अभिप्राय मात्र तिने दिलेला नाही.

तुमच्याकडेही एक आहे. कपाटात, वरच्या खणात, कुणीतरी दिलेला. तो तुम्ही कुणाला द्यायचा हेही ठरवून ठेवलेलं आहे, आणि त्यात गैर काही नाही, अकरा घरं त्यावर चालतात. देताना दोनच गोष्टी तपासा. ज्यांनी दिला त्यांनाच परत जात नाही ना, आणि ज्यांना देताय त्यांच्या घरी दुसरीतलं मूल नाही ना.