घासलेला राणीछाप

नव्वदच्या आसपास पनवेलला तुम्ही आमच्या लेलेकाकांना भेटला असतात, तर त्यांनी तुमचं नावगाव विचारलं नसतं. "घरात चांदीचा जुना रुपया आहे?" हा पहिला प्रश्न. आहे म्हणालात की दुसरा, "घासलात का?" आणि हो म्हणालात की मेलातच!

काका टपाल नाक्याजवळच्या आमच्या चाळीत, अगदी भिंतीला भिंत लागून राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, आणि छंद राणीछाप, म्हणजे इंग्रजांच्या राणीचं तोंड असलेले, रुपये जमवण्याचा. नाणं हातात आलं की ते खिडकीपाशी न्यायचं, दोन बोटांत कडेने धरायचं, तिरपं करून हळूहळू फिरवायचं. "अंगचं तेज असलं की उजेड नाण्यावर गोल फिरतो, वहिनी. घासलेलं नाणं नुसतं डोळा मारतं!" मला मेलीला दोन्ही सारखीच दिसायची.

एकदा मुंबईचा एक व्यापारी काळपट रुपया घेऊन आला. शंभर वर्षं पेटीत होता, कोणाचा हात लागलेला नाही, वगैरे. काकांनी तो नाकाला लावला. "पेटीत होता की उकडलेल्या अंड्याशेजारी?" गडी चहा अर्धा टाकून जिना उतरला. अंड्याच्या वाफेने चांदी काळी पडते आणि नुकतं घासलेलं नाणं जुनं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. लसूणसुद्धा न खाणाऱ्या काकांना हे कुठून कळलं, देव जाणे.

पण खरा शिमगा व्हायचा तो दिवाळीत. लक्ष्मीपूजनासाठी घरोघर रुपये चिंच-रांगोळीने लखलखीत करतात ना? धनत्रयोदशीला काका सकाळपासून दारोदार. "चिंच लावू नका हो, पाया पडतो!" मी एकदा भडकलेच. "मग लक्ष्मी काय काळ्या तोंडाने पुजू?" "तुमच्या रांगोळीपायी राणीचं नाक गेलं, वहिनी!" त्या वर्षी मी मुद्दाम दोनदा घासले.

काकू होत्या तोवर त्या हे सगळं ऐकून नुसत्या हसायच्या. काकांच्या नाण्यांच्या टेबलाला त्यांनी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. केर काढतानासुद्धा त्यांचा झाडू टेबलाला वळसा घालून जायचा.

काकू गेल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नेऱ्याहून वालाच्या शेंगा घेऊन येणारी हिराबाई एक दिवस पाटीशिवाय दारात उभी, डोळे सुजलेले. तिच्या आईच्या गळ्यात जन्मभर एक राणीछाप असायचा. आई वारली. हिराबाईच्या लेकीचं लग्न ठरलं, लेकीला आजीचाच रुपया गळ्यात हवा, म्हणून हिने तो नवी कडी लावायला सोनाराकडे दिला. परत आला तो झगझगीत. भाऊ म्हणाला, सोनाराने बदलला. आईची तेवढी एकच वस्तू, तीही आपल्या हातून गेली, या विचाराने तिला घास उतरत नव्हता.

मी तिला काकांकडे नेलं. "यो माझे आयचा हाय का नाय, येवढंच सांगा," ती म्हणाली.

काकांनी रुपया एकदा फिरवला. "घासलाय."

हिराबाई मटकन खालीच बसली. माझं डोकं सणकलं. "काका, जरा माणसाच्या तोंडाकडे बघा की!"

त्यांनी बघितलं. मग भिंग घेतलं आणि खिडकीपाशी गेले.

"बाई, तुझी आई बोलताना यावर अंगठा फिरवायची का?"

"हा… सारकी! भांडतानापन."

"मग हाच. पॉलिशने सगळं नाणं सारखं झिजतं. इथे राणीचे केस आहेत, अक्षरं आहेत, गालावर मात्र गुळगुळीत खळगी. सोनाराने वरचं काळं काढलं, पण आईचा अंगठा काही त्याला काढता आला नाही. ठेव बघू तुझा."

हिराबाईने अंगठा ठेवला. बरोब्बर बसला. "माझे आयचाच हाय," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

ती गेल्यावर काकांनी टेबलाचा खण उघडून एक रुपया काढला. "आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत हिने हौसेने घासला. माझा सगळ्यात चांगला होता. मी इतका ओरडलो की पुढे चाळीस वर्षं तिने माझ्या नाण्यांना बोट लावलं नाही." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हे गोल गोल ओरखडे दिसतात? तिचा हात असा फिरला होता. बाकीची सगळी नाणी शाबूत आहेत, वहिनी. त्यांत ती कुठेच नाही."

मी रुपया खिडकीपाशी नेला आणि त्यांच्यासारखाच तिरपा करून फिरवला.

त्या धनत्रयोदशीला काका नेहमीसारखे दारात आले. मी चिंच भिजत घातलेली, पदर खोचून भांडायला तयार. त्यांनी वाटीत वाकून पाहिलं.

"घासा," ते म्हणाले. "फक्त तुमच्याच हाताने घासा."