सेनापतींचं सुतक

मंडळी, खोटं कसं बोलावं हे माझ्याकडून शिकून घ्या! एकदाच बोलावं, मोठ्ठं बोलावं आणि तपशील भरपूर द्यावा. एवढं सांभाळलं की ब्रह्मदेवालाही पत्ता लागत नाही. हा माझा सिद्धांत होता आणि गेल्या महिन्यापर्यंत तो मी छाती ठोकून सांगत असे.

मी प्रभाकर. राहणार इतवारा, बुऱ्हाणपूर. यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीला आहे. माग बंद पडला की 'माग बंद पडला!' असं ओरडणं हे माझं काम. तो चालू करणं दुसऱ्याचं. तिथे माझं कुणी ऐकत नाही. घरी गॅसची टाकी बायको, म्हणजे पूर्णिमा, सरकवते आणि मी पाय वर घेतो.

पण मोबाइल उघडला की गोष्ट वेगळी! 'कालदुर्ग' नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. राक्षस, जादूगार, किल्ले, लढाया. त्यात मी वज्रबाहू! हातात दुधारी परशू, खांद्यावर लांडग्याचं कातडं. बुऱ्हाणपूरपासून जळगावपर्यंतचे एकशे चाळीस योद्धे माझ्या 'तापी पथका'त आहेत. एकमेकांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाजावरून ओळखतो. सगळे मला 'सेनापती' म्हणतात. हा शब्द कानात पडला की कारखान्यातला दिवसभराचा खडखडाट मी विसरतो.

पथक चालवायचं म्हणजे शिस्त हवी. नियम मीच लिहिले. नियम चौथा असा : रविवारी संध्याकाळी सहा वाजता नीलगडाच्या रक्षणाला प्रत्येकाने हजर राहावं, गैरहजेरीला कारण एकच चालेल, घरात मृत्यू. फोपनारचा नीलेश एका रविवारी आला नाही. केळीची शेती करणारा, पंचविशीतला, गरीब स्वभावाचा. मी जाब विचारला.

"सेनापती, बहन का साखरपुडा था हो! तो काय दरवर्षी होतो?"

"नीलगड दरवर्षी मिळतो?" मी गरजलो आणि त्याला पंधरा दिवस तबेल्यात घोड्यांना खरारा करायला पाठवलं. खेळात खरारा करण्याइतकं कंटाळवाणं काम नाही. बिचाऱ्याने एका शब्दाने तक्रार केली नाही.

आणि मग शनिवारी कारखान्यातला मनोज म्हणाला, "उद्या पाच वाजता मळ्यात या. भरीत आहे."

मंडळी, थंडीचे दिवस, तापीकाठचा मळा, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली वांगी, वर शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी! माणूस अशा ठिकाणी 'नाही' म्हणू शकतो का? मी 'हो' म्हणालो. घरी आल्यावर आठवलं, उद्या रविवार.

रविवारी दुपारी मी मोबाइल हातात घेऊन बसलो. ताप आला म्हणावं तर नियम चौथा. पाय मोडला म्हणावं तरी नियम चौथा. स्वतःच बांधलेल्या कुंपणात मी स्वतःच अडकलो होतो. तेवढ्यात समोर चहाचा कप आला.

"घे रे परभ्या, गार होईन."

ही माझी सिंधूआत्या. वडिलांची बहीण. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि लवकर विधवा झालेल्या आत्याने मला वाढवलं. आता बहात्तर वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण दुपारचा चहा ती मला स्वतःच्या हातानेच देते. मी कप घेतला. तिच्याकडे पाहिलं. आणि टाइप केलं, 'आमच्या सिंधूआत्या आज सकाळी वारल्या.'

सांगायला लाज वाटते, पण मी तो चहा संपवला आणि मग पुढचा मजकूर लिहिला.

पथकात हलकल्लोळ! रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. हिमानी नावाची आमच्या पथकातली वैद्य आहे. खेळात जखमा बऱ्या करते, प्रत्यक्षात बुऱ्हाणपुरातच शाळेत शिकवते. तिने विचारलं, 'कशा होत्या हो आत्या?' तपशील भरपूर द्यावा, हे पथ्य मला आठवलं. मी लिहीत सुटलो. 'शाळेत घातलं तेव्हा मी रडायचो. आत्या महिनाभर शाळेच्या फाटकाबाहेर वाल सोलत बसून राहिली, कारण मधल्या सुट्टीत मी ती आहे का ते बघायला यायचो. ती रोज असायची.' असं बरंच काही. सगळं अक्षरशः खरं. फक्त ती मेली, एवढंच खोटं.

शास्त्राप्रमाणे आत्याचं सुतक तीन दिवसांचं. पण आईच्या जागी होती म्हणून पथकाने मला पुरते तेरा दिवस दिले. मी मोबाइल बंद केला आणि मळ्यात जाऊन चार भाकरी खाल्ल्या. भरीत फक्कड झालं होतं!

मंगळवारी हळूच खेळ उघडला. नीलगडावर दुसऱ्याच पथकाचा झेंडा! आठ महिने राखलेला किल्ला गेला! मी चौकशी केली, तर हिमानीने शांतपणे मला माझाच नियम पाठवला. नियम सातवा : पथकातल्या कुणाच्या घरी सुतक असेल तर त्या दिवशी सारं पथक शस्त्र खाली ठेवील. दिवाळीच्या भरात मीच लिहिलेला, मीच विसरलेला! रविवारी सहा वाजता एकशे चाळीस योद्धे मशाली खाली धरून दरवाजासमोर उभे होते. एकानेही तलवार उपसली नाही. शत्रूनेसुद्धा दोन मिनिटं शांतता पाळली आणि मगच किल्ला घेतला. दरवाजापाशी आत्याच्या नावाचा एक कायमचा दिवा लावला होता.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, मला कळत होतं. पण सेनापतीपद जाईल या भीतीने मी 'तुमचे उपकार कसे फेडू' असं लिहून मोकळा झालो. लगेच यादवभाऊंचा फोन. हे पथकातले वयाने सगळ्यात मोठे, नेपानगरच्या कागद कारखान्यात पाळीवर असतात.

"सेनापती, उद्या अकराला आम्ही दारावर येतोय."

दारावर येणं म्हणजे आमच्याकडे दुखवट्याला घरी येऊन बसणं.

"कशाला त्रास भाऊ? तुमची ड्यूटी..."

"पाळी बदलून घेतली. आणि दारावर येऊ नका, असं म्हणायचं नसतं."

पूर्णिमा सकाळी अंगणवाडीत जाते, ती चिंता नव्हती. राहिली आत्या. बुधवारी मी कारखान्यात रजा टाकली आणि आत्याला म्हटलं, "आत्या, इच्छापूरच्या देवीला जाऊन ये ना! किती दिवस म्हणतेस." शेजारच्या सोजरबाईंना सोबत दिलं. आत्या इतकी खूश झाली! "पोराले माही आठवन आहे," असं सोजरबाईंना सांगत रिक्षात बसली. रिक्षा वळली आणि मी भिंतीवर तिचा फोटो लावून त्याला झेंडूचा हार घातला.

हार जरा वाकडा बसला. तो सरळ केला.

बरोबर अकराला तिघं आले. यादवभाऊ पांढऱ्या सदऱ्यात. हिमानी डोक्यावर पदर घेऊन. आणि मागे फडक्यात बांधलेला डबा घेऊन नीलेश! हो, घोड्यांना खरारा करणारा नीलेश.

"आईने कडू घास दिलाय," तो म्हणाला. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून बाहेरून पिठलं-भाकरी येते, तोच हा घास. "सेनापती, आप रोना मत हं... म्हणजे, रडा. मोकळं व्हा."

मी रडलो. खरंच रडलो हो! नाटक करायची गरजच पडली नाही.

"घर सापडायला त्रास नाही झाला?" मी नाक पुसत विचारलं.

"छे! चौकातच विचारलं, सिंधूआत्या वारल्या ते घर कोणतं? पानवाल्याला तर माहीतच नव्हतं, तो हातातलं पान टाकून उभा राहिला. रिक्षावाले पण हळहळले. म्हणाले, स्टँडवर सगळ्यांना सांगतो."

स्टँडवर! मंडळी, इच्छापूरची बस तिथूनच सुटते! पण हिमानीने पिशवीतून कागद काढले होते. पथकातल्या सगळ्यांनी आत्यासाठी लिहिलेले निरोप तिने छापून आणले होते. आणि सगळ्यात वर माझा मजकूर. ती वाचू लागली. शाळेचं फाटक. वाल. मधली सुट्टी. 'ती रोज असायची' या वाक्यापाशी ती थांबली. यादवभाऊंनी चष्मा काढला.

"पुढं वाच ना पोरी," दारातून आवाज आला.

नीलेशने वर पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे, आणि "अरे बाप रे!" म्हणून डब्यासकट मागे सरकला. दारात सिंधूआत्या उभी होती. मागे सोजरबाई, आणि त्यांच्यामागे अर्धा इतवारा.

"अहो, स्टँडवर रिक्षावाला मलेच सांगे," सोजरबाईंना दम लागला होता, "तुमच्या शेजारच्या सिंधूबाई गेल्या म्हने! आन् ही माह्याजवळ पेरू खाऊ राह्यली!"

आत्या आत आली. फोटोपाशी गेली. चष्मा नीट केला.

"हाच फोटू भेटला का तुले? यात माहे डोळे मिटेल आहेत."

ती पाहुण्यांकडे वळली. "तुम्ही कोन बाप्पा?"

यादवभाऊंनी सगळं सांगितलं. पथक, किल्ला, मशाली, दिवा. खेळ वगैरे तिला किती कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "किती लोकं उभे होते म्हनता?"

"एकशे चाळीस, आत्या."

"माह्यासाठी?" आत्या खाली बसली. "माह्या नवऱ्याले पोचवायले बी इतके नव्हते."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. फरशीत भोक असतं तर मी त्यातून तापीत निघालो असतो.

"परभ्या, मले मारलं कायले?"

माझ्या सिद्धांतातलं एकही पथ्य त्या वेळी उपयोगाला आलं नाही. मी म्हणालो, "भरीत होतं."

"काय होतं?"

"मळ्यात... भरीत-भाकरी होती. मला जायचं होतं."

यादवभाऊंनी डोळे मिटले. हिमानीने कागदांची घडी घातली. नीलेश माझ्याकडे असा बघत होता की त्यापेक्षा त्याने डबा डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. मग हळूच म्हणाली, "मले सांगितलं असतं तं मी घरीच केलं असतं ना रे."

एवढंच. ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी सोसलं असतं. या एका वाक्याने माझं उरलंसुरलं सगळं काढून घेतलं. एकशे चाळीस लोकांचा सेनापती आत्याच्या पदराचं टोक धरून हुंदके देत होता, आणि बाहेर अर्धा इतवारा टाचा उंचावून बघत होता!

आत्याने पदर सोडवून घेतला आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला. हिमानीकडून माझा कागद मागून घेतला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. मग यादवभाऊंना विचारलं, "तुमच्या पथकात सुतक किती दिवसाचं?"

"तेरा, आत्या."

"मंग याले पुरे तेरा पाळू द्या. मी मेली ना? मंग पाळ म्हना."

मंडळी, ती थट्टा करत नव्हती. तेव्हापासून माझ्या ताटात बिनफोडणीचं पिठलं येतं. झोपायला जमिनीवर चटई. पूर्णिमाला सगळं कळल्यावर तिने चटईही पातळ दिली. दहाव्या दिवशी आत्याने स्वतः न्हाव्याला बोलावलं, त्याला आधी चहा पाजला आणि माझं डोकं गुळगुळीत करून घेतलं. कारखान्यात लोक विचारतात, "कोण गेलं हो?" मी म्हणतो, "कुणी नाही." मग ते आणखीच हळहळतात.

पथकात आता नीलेश सेनापती आहे. पहिल्याच रविवारी त्याने नीलगड परत जिंकला. मी तबेल्यात असतो. घोडे बरेच आहेत. दरवाजातला आत्याचा दिवा मात्र काढता येत नाही, खेळात तशी सोयच नाही. आत्या रोज संध्याकाळी विचारते, "माहा दिवा लागला का रे?" मी मोबाइल तिच्यापुढे धरतो. ती बघते आणि मान हलवते. माझ्याशी ती एवढंच बोलते.

आज तेरावा. आत्याने पथकाला जेवायला बोलावलंय आणि भरीत करायचं ठरवलंय. चाळीसेक जण येतायत, शत्रूपक्षाचेही पाच आहेत. दोन पोती वांगी आलीत आणि मागल्या अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर ती भाजायचं काम माझ्याकडे आहे. आत्ताच आत्या येऊन शेजारी चहाचा कप ठेवून गेली. गेल्या तेरा दिवसांतला पहिला. म्हणाली, "गार होईन."

पऱ्हाटीचा धूर फार होतो हो! डोळ्यांत पाणी येतं ते त्यानेच.