मी तुम्हाला आवडतो

खोक्यांच्या कारखान्यातल्या विक्रीसाहेबांनी मोबाइलवर चाळीस दिवस स्पॅनिश गिरवलं आणि एकेचाळिसाव्या दिवशी दुभाषी बाईंना नारळ दिला.

"महिनाअखेरपर्यंत या, बाई. पुढे गरज नाही. भाषा काय, डोकं असलं की येते."

घरी पगार आणणाऱ्या बाई एकट्याच होत्या, त्यामुळे डोक्याचा विषय त्यांनी वाढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तेवढं 'ले' सांभाळा. त्याला, तिला, तुम्हाला, सगळ्यांना 'ले'च. आणि आवडण्याचं आपल्यासारखंच आहे. मला आवडतं, मे गुस्ता."

"मला शिकवू नका."

साहेब स्पॅनिश शिकले होते इंग्रजीतून. मराठीच्या आधाराने काही शिकणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिवाय इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीलाच 'मी' येतो, ते त्यांच्या स्वभावाला मानवलं होतं.

दुसऱ्या दिवशी परदेशातल्या साबण कारखान्याच्या मालकीणबाई पडद्यावर आल्या, शेजारी त्यांचे म्हातारे वडील. इकडे साहेब, बाई आणि स्वतः मालक. नमुन्याची खोकी तिकडे पोचली होती, मापासाठी साबणाच्या वड्या इकडे आल्या होत्या. तुमचा साबण मला आवडला, एवढंच साहेबांना म्हणायचं होतं. ते छाती काढून म्हणाले, "यो ले गुस्तो."

म्हणजे, मी तुम्हाला आवडतो.

"नो," मालकीणबाई म्हणाल्या.

"लाजतायत," साहेबांनी मालकांना समजावलं. बाई मध्ये बोलायला गेल्या, त्यांना हातानेच गप्प केलं आणि आवाज चढवला. "यो ले गुस्तो मुचो." मी तुम्हाला खूप आवडतो.

"नो, सेन्योर."

वडिलांचं कौतुक राहिलं म्हणून रुसल्या असतील, असं साहेबांच्या सुपीक डोक्यात आलं. म्हाताऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आ एल ताम्बिएन ले गुस्तो." मी यांनाही आवडतो.

म्हाताऱ्याने चष्मा लावून साहेबांना नीट न्याहाळलं. मग पडदा काळा झाला.

दुपारी तीन ओळींची मेल आली. साहेबांनी मधली ओळ मालकांना मोठ्याने वाचून दाखवली. "उस्तेद नो नोस गुस्ता. म्हणजे, तुम्हाला आम्ही आवडत नाही. बघा, केवढा गैरसमज. मी एवढं जीव तोडून सांगितलं तरी."

मालक बाईंकडे वळले. "तुम्ही सांगा."

"खोकी आम्हाला आवडली. तुम्ही आम्हाला आवडत नाही. यापुढे बाईंनी आम्हाला लिहावं."

मालक म्हणाले, "बाई, तुम्ही राहा. महिनाअखेर वगैरे काही नाही."

"राहू द्या," साहेब उदारपणे म्हणाले. "त्यांची समजूत काढायला कुणीतरी हवंच. बाई, लिहा, साहेबांना तुम्ही फार आवडता."

"लिहिते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माल कधी पोचेल ते लिहिलं.