सतरा नंबरचा गुडघा

गुडघ्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! माणसाचा चेहरा मी दोन दिवसांत विसरतो, पण गुडघा एकदा पाहिला की पाहिला. नोकरीच तशी आहे. एमआरआय मशीन गुडघ्याचे आतून दीडदोनशे पातळ काप टिपतं, काकडीच्या चकत्यांसारखे. ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचून अख्खा थ्रीडी गुडघा उभा करायचा, हाड पांढरं, त्यावरची कूर्चेची गादी निळी रंगवायची आणि माऊसने गरागरा फिरवून बघायचा, हे माझं काम. आमच्या मॅडम सध्या साध्यासुध्या माणसांच्या शंभर गुडघ्यांचा अभ्यास करताहेत, आणि ते शंभरही माझ्या हाताखालून जाणार आहेत.

हे सगळं मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे सांगतोय, पण ती पुढे कशी उतरली ते तुम्हाला कळावं म्हणून.

माझे बाबा फरशी बसवायचे. चाळीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून त्यांनी मला शिकवलं, या खुर्चीपर्यंत आणलं. वर्षभरापासून त्यांचा उजवा गुडघा दुखत होता. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही. काठी घेऊन जिना चढायचे आणि मधेच थांबून खिसे चाचपायचे, जणू किल्ली शोधताहेत. ते माझ्या बायकोने हेरलं.

"अहो, जगाचे गुडघे बघता, घरातला एक बघा की!"

"बघतो! एका फेरीत निकाल लावतो!"

मॅडमनी लगेच परवानगी दिली. वर म्हणाल्या, "तुमचाही घ्या. चाळिशीच्या आतले गुडघे आपल्याकडे कमी आहेत." अभ्यासात कोणाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, असा नियम. शनिवारी मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: सतरा, मी, वय अडतीस. अठरा, बाबा, वय एकाहत्तर.

मशीन पाहिल्यावर बाबांचा चेहरा उतरला.

"आवाज फार करतं म्हणे?"

"ठकठक करतं. काही होत नाही, बाबा."

"मग मी आधी जातो. तुझं होईस्तोवर बाहेर बसलो, तर सरळ घरी निघून जाईन."

मशीन चालवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला आम्ही घाईमास्तर म्हणतो. त्याने आतून हाक मारली, "चला, सतरा नंबर!" मी बाबांना आत पाठवलं आणि त्यांची काठी धरून बाहेर उभा राहिलो. अर्ध्या तासाने ते घाम पुसत बाहेर आले. मग मी आत गेलो.

बुधवारी मी दोन्ही गुडघे रचले. अठरा नंबर बघून थक्क झालो! हाडं गुळगुळीत, निळी गादी जाड नि सलग, कुठे खरवडलेलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी हा गुडघा! मी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग मोठ्या उत्साहाने सतरा नंबर उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटीच्या मागची गादी जागोजागी उडालेली, हाडाच्या कडांना काटे फुटलेले, सांध्यात पाणी!

त्या क्षणापर्यंत माझा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. त्या क्षणी दुखायला लागला.

घरी तिसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरधरून पोचलो आणि निकाल जाहीर केला.

"बाबा, तुमचा गुडघा एकदम ठणठणीत आहे. पंचविशीतल्या पोराला असा मिळायचा नाही!"

"मग दुखतो कशाने?"

"मनाने! दुखेल दुखेल म्हणून तुम्ही जपत राहता, म्हणून दुखतो. चाला, फिरा, जिने चढा. आतलं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय."

बाबा आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "असेल. तू शिकलेला आहेस." मग म्हणाले, "आणि तुझा?"

मी माझी कर्मकहाणी सांगितली. ती ऐकून ते उठले, कोपऱ्यातली काठी आणली आणि माझ्या हातात दिली. "मला काय करायचीय आता? तुला लागेल."

आणि मी ती घेतली, मंडळी! घेतली म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी ती टेकत ऑफिसला गेलो. घाईमास्तरने खुर्ची पुढे केली, तीही घेतली. घरी आलो की एक पाय स्टुलावर ठेवून पडून राहायचं आणि कण्हायचं. बायकोने गरम पाण्याची पिशवी दिली आणि तोंड वाकडं केलं.

"कालपर्यंत बसच्या मागे धावत होतात!"

"आतून झिजत होता, कळत नव्हतं. चित्र बघ, मग बोल!"

तिकडे बाबा कामाला लागले. भाजी तेच आणू लागले, दळण तेच. जिन्यात आता ते थांबत नसत. खिसेही चाचपत नसत. वर येऊन दाराशी उभे राहायचे आणि घामेजलेल्या चेहऱ्याने म्हणायचे, "बघ, आलो की नाही?" मी स्टुलावरचा पाय न हलवता म्हणायचो, "मी सांगितलं नव्हतं?"

बाथरूममधल्या फरश्या सहा महिने हलत होत्या. त्या रविवारी बाबांनी माळ्यावरून आपली थापी आणि रबरी हातोडा काढला. गोणपाटाची घडी घातली आणि तिच्यावर गुडघे टेकले.

"बाबा, कारागीर बोलवू या ना," बायको म्हणाली.

"कारागीर घरात असताना? गुडघा चांगला निघालाय, तर काम तरी करू दे."

मी दारात खुर्ची टाकून बसलो, पाय स्टुलावर, काठी मांडीवर. "ती कोपऱ्यातली जरा वर आलीय बाबा," असं मधूनमधून सांगतही होतो. बाबांनी खालचा ओठ दातांत धरला होता. मला वाटलं, कामात मन लागलंय.

सोमवारी मॅडमनी सतरा नंबर मोठ्या पडद्यावर लावला.

"हा कोण?"

"मी, मॅडम," मी धीरोदात्तपणे म्हणालो आणि काठी पुढे केली.

त्यांनी चित्र फिरवलं. "हे बघा, वाटीच्या पुढची पिशवी केवढी सुजून जाड झालीय. मागची गादी पार गेलीय. हा माणूस वर्षानुवर्षं गुडघ्यांवर काम करतोय. फरशी बसवणारा असणार. तुम्ही आयुष्यात कधी गुडघे टेकलेत?"

"शाळेत, मॅडम. शिक्षा म्हणून. दोनदा."

बोलता बोलता माझे कान तापले. मी घाईमास्तरकडे बघितलं.

"मी सतरा पुकारलं, तुझे बाबा येऊन झोपले," तो म्हणाला. "तू रजिस्टर बदललं असशील ना?"

मी बदललं नव्हतं. पडद्यावर माझ्या बाबांचा गुडघा संथपणे फिरत होता. ज्या गुडघ्यावर बसून मी लहानाचा मोठा झालो, तो मी ओळखला नव्हता. मॅडमनी बाबांना कधी पाहिलंही नव्हतं आणि त्यांनी ओळखला.

मी पळत सुटलो. तिन्ही मजले एका दमात चढलो. काठी ऑफिसातच राहिली होती, हे दाराशी पोचल्यावर ध्यानात आलं.

बाबा बाथरूममध्ये गुडघ्यांवरच होते. एकच फरशी उरली होती.

"बाबा, उठा! चूक झाली! तो खराब गुडघा तुमचा आहे! माझा चांगला आहे!"

त्यांनी थापी खाली ठेवली. उठायला गेले, पण उठता येईना. बायकोने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना स्टुलावर बसवलं. पायजमा वर केला, तर गुडघा नारळाएवढा झालेला.

"एवढं दुखत होतं, तर बोललात का नाही?" माझा आवाज चढला. खरं तर रडू येत होतं.

"दुखत तर होतंच रे," बाबा शांतपणे म्हणाले. "पण तू आत बघून सांगितलंस, दुखत नाही म्हणून. मला वाटलं, माझंच चुकतंय."

मला खूप लाज वाटली, अजून वाटते. बायको बर्फ आणायला गेली.

"म्हणजे तुझा चांगला आहे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"सुटलो बाबा!" ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "तेवढीच काळजी होती. बस मग खाली. सिमेंट सुकतंय. शेवटची तू बसव."

मी गोणपाटावर गुडघे टेकले. त्यांनी स्टुलावरून सांगितलं तसं सिमेंट पसरलं, फरशी ठेवली, हातोड्याने ठोकली. पाच मिनिटांतच माझे गुडघे बोंबलायला लागले, या वेळी खरोखर!

आता बाबांवर नीट उपचार चालू आहेत. काठी मी दुसऱ्याच दिवशी आणून दिली. बाथरूममधल्या फरश्या अशा पक्क्या बसल्यात की काय सांगू! फक्त एक सोडून. तिच्यावर पाय पडला की डुगडुगते. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काठी टेकून ती तेवढी ओलांडून जातात.